हत्याराचं नाव आधी ठरव

नागपूर

प्रिय मित्रा,

कथा वाचली. नागपूरच्या महाल भागातला वाडा आणि दुपारची सामसूम छान उतरली आहे. खुनाच्या प्रसंगात मात्र एकाच पानावर तू एकाच वस्तूला चाकू, सुरा आणि खंजीर म्हटलंस. सुऱ्याला एकीकडे धार असते, खंजिराला दोन्हीकडे. एकधारी पात्याच्या जखमेचं एक टोक बहुधा अणकुचीदार आणि दुसरं बोथट दिसतं. शवविच्छेदनात डॉक्टर हेच बघतात, म्हणजे तुझ्या पुढच्या प्रकरणातला अहवालही त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

तुझ्या नायिकेनं विळी उचलून पोटात खुपसली, असं होणार नाही. विळीचं पातं पाटाला जखडलेलं असतं. पाटावर पाय दाबून बसायचं, पातं जागेवर राहतं आणि भाजी हातांनी त्यावर रेटायची. धार बसणाऱ्याकडे असते. टोकाला बहुतेक विळ्यांना नारळ खवायची खवणी असते, मग खुपसणार काय? तिला सुरी दे. पण घरच्या सुरीला तलवारीसारखी परज, म्हणजे मुठीपुढची आड, नसते. पातं हाडाला अडलं आणि मूठ रक्तानं ओली झाली, की हात पुढे घसरतो आणि मारणाऱ्याचीच बोटं कापतात. इन्स्पेक्टरला पुरावा हवाच आहे ना? तो तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेव. मरणाऱ्याच्या तळहातांवर आणि कोपराखाली, वार अडवताना झालेले घाव दाखव. आणि तो लगेच कोसळू नये. भोसकल्यावर रक्त पोटाच्या आतच साचू शकतं, बाहेर थोडंच दिसतं. माणूस दारापर्यंत चालत जातो, बोलतोही.

भोसले आणि इंग्रजांच्या सीताबर्डीच्या लढाईचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं, म्हणून तिथे जास्त थांबतो. पाच किलोची तलवार कोणी लढाईत चालवत नाही. साधारण एक-सव्वा किलो धर, पातं ७५-८० सेंटिमीटर. पिशवीत सव्वा किलो तुरीची डाळ घाल आणि हात लांब करून धरून बघ, दंड किती लवकर भरून येतो ते कळेल. आडवी धरलेली तलवार त्याहूनही जड वाटते, कारण तिचा तोल मुठीच्या पुढे पात्यावर असतो. म्यान लाकडाचं आणि वरून चामड्याचं किंवा मखमलीचं, त्यामुळे उपसताना खणखणाट होत नाही, घासल्याचा दबका आवाज येतो. प्रत्येक तलवार वाकडीही करू नकोस. २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सरळ, एकधारी, युरोपीय पात्याची फिरंग आहे.

२६-२७ नोव्हेंबर १८१७ च्या त्या लढाईत तुझा शिपाई धडाधड गोळ्या झाडतो. बंदूक ठासणीची आहे. दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची, मग नेम. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढेल. तोड्याची असेल तर पेटती वातही सांभाळायची. तो ठासत असताना समोरचा किती पावलं जवळ येतो, ते लिही. प्रसंगातली सगळी भीती तिथेच आहे.

शेवटच्या प्रकरणातला देशी कट्टा बहुधा एकाच काडतुसाचा असतो, सलग चार गोळ्या सुटणार नाहीत. रिव्हॉल्व्हर दिलंस तर पुंगळ्या आतच राहतात, जमिनीवर पडत नाहीत. त्या पिस्तुलाच्या पडतात. बोट चापावर असतं, घोडा मागे असतो. आणि कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर एफआयआरमध्ये ३०२ नको, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ येईल.

दुसरा खर्डा पाठव. स्वयंपाकघराचं पान आधी वाचेन.

सस्नेह