जपानी चित्रांच्या लाकडी ठशांनी छापलेल्या प्रतिकृती जमवाव्यात का? शेवटी ती नक्कलच ना?

‘नक्कलच ना’ हे माझ्या थोरल्या भावाचे शब्द, म्हणून लिहितोय.

तोक्योत नोकरीला होतो तेव्हा शनिवार जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचा. तिथे एकदा ‘कोक्का’मधलं सुटं पान हाती लागलं. ओकाकुरा तेनशिन आणि ताकाहाशी केन्झो यांनी १८८९ साली काढलेलं हे कलेचं नियतकालिक. जुन्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती त्यात लाकडी ठशांनी छापत. माझ्या पानावर बांबूच्या फांदीवर चिमणी होती. कुंचला सुकत आला की रेघ तुटक, केसाळ उमटते ना, तशी पोटावरची पिसं. तो तुटकपणाही कोणीतरी लाकडात कोरलेला! पान उलटं करून उजेडात तिरपं धरलं, तर बारेन, म्हणजे कागद ठशावर दाबून घासायची चपटी गोल गादी, घासल्याचे वळसे दिसले.

सुट्टीत ते पुण्याला आणलं. दादा म्हणाला, “झेरॉक्सला एवढे पैसे?” मला परतायचं होतं, म्हणून फ्रेमचं काम त्याच्यावर सोपवलं. फ्रेमवाल्याने पान गोंदाने हार्डबोर्डवर चिकटवलं. ते वळसे कायमचे गेले. “पुढून दिसतंय की,” दादाचं उत्तर. पुढे वर्षभर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

उकियो-ए या जुन्या लोकप्रिय जपानी शैलीची ठसाचित्रं मुळात छापण्यासाठीच काढलेली असतात. आपली रेघ कोरली जाणार हे त्या शैलीच्या होकुसाईसारख्या चित्रकाराला ठाऊक होतं. पण रेशमावर शाईने चित्र काढणाऱ्याने कोरणाऱ्याचा विचार कशाला करावा? प्रतिकृती करणाऱ्याने मात्र शाईचा पसरट ओलावा, जुन्या रेशमाचा तपकिरी रंग, सगळं ठशांतून आणायचं, आणि दर ठशाला कागद केन्तोच्या, म्हणजे तो जागेवर बसावा म्हणून ठशातच कोरलेल्या, खाचेत अचूक बसवायचा. ही नक्कल असेल तर गुरूची बंदिश गाणाराही नकलाकारच म्हणावा लागेल.

तेव्हा जरूर जमवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा: एकसारख्या अंतरावर ठिपके दिसले तर यंत्रावरची ऑफसेट छपाई, सुरकुतल्यासारखे बारीक दाणे दिसले तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली फोटोची छपाई. कोलोटाइप टाकाऊ नाही, फक्त त्याला ठशाची किंमत देऊ नका. आणि हो, पुढे विकून पैसे करायचे असतील तर या वाटेला जाऊ नका.

फ्रेम करताना पान चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने, बस्स. फ्रेमवाल्याकडे स्वतः जा. मी दादाला पाठवलं होतं.