द्राक्षांपेक्षा क्रेट जड

प्रश्न : दिंडोरीजवळ आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. शेतकरी, प्लॉट, क्रेट, वजन एवढीच रोजची नोंद. सॉफ्टवेअर करून देणारा मुलगा म्हणतो, सगळं एक्सएमएलमध्ये ठेवू. सर, गरज आहे का?

उत्तर : नाही हो. एक्सएमएल ही माहिती फाइलमध्ये लिहायची एक पद्धत. १८.४ एवढं वजन लिहायला त्यात आधी ‘वजन’ टॅग (आकडा कशाचा ते सांगणारी खूण) उघडायचा, आकडा लिहायचा, मग टॅग बंद करायचा. दर ओळीला हेच. सीएसव्ही या दुसऱ्या पद्धतीत तीच नोंद स्वल्पविरामांनी तोडलेली एक ओळ, एक्सेलमध्ये थेट उघडणारी.

पण सीएसव्हीही गरीब गाय नाही. पंचवटीतल्या एका दुकानाची यादी मी केली होती. पत्ता ‘दिंडोरी रोड, म्हसरूळ’. त्या एका स्वल्पविरामाने पुढचे सगळे रकाने सरकले आणि उधारीच्या जागी म्हसरूळ आलं! असा मजकूर दुहेरी अवतरणात टाकायचा, आणि मराठीसाठी फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवू शकणारी सांकेतिक पद्धत) मध्येच ठेवायची.

एका शेतकऱ्याचे चार प्लॉट, प्रत्येकाच्या वेगळ्या फवारण्या, असं एकात एक असेल तर जेसन ही तिसरी पद्धत घ्या, त्यात नोंदीच्या आत नोंद ठेवता येते. जीएसटीचं ऑफलाइन टूलही जेसनच बनवतं.

एक्सएमएल (१९९८चं) टाकाऊ नाही. मजकुराच्या मध्येच खुणा करायच्या असतील, किंवा समोरचा तेच मागत असेल, तर तेच द्या. हिशेब टॅलीत चढवायचे असतील तर तेवढ्यापुरती एक्सएमएल फाइल काढता येते. रोजची वही मात्र साधी ठेवा. त्या मुलाला विचारा, ही फाइल पुढे कोण उघडणार आहे?