नवं मॉडेल म्हणजे नवा प्रोसेसर असेलच असं नाही

दोन लॅपटॉपपैकी कोणता घ्यावा हे ठरवताना, दोन्ही मॉडेल नुकतीच आली आहेत म्हणून दोन्ही आतून नवी असतील असं धरून चालू नका. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तिच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत ७७३०यू आणि ७८४०यू हे प्रोसेसर शेजारी शेजारी विकले जात होते. पहिल्यात २०२० च्या झेन ३ रचनेचे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), दुसऱ्यात त्यानंतरच्या झेन ४ चे. नुसतं नाव वाचून हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या पानावर तपासा.

त्यानंतर रॅम. एलपीडीडीआर (कमी वीज खाणाऱ्या) प्रकारची असेल तर ती बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. अशा वेळी मी तरी १६ जीबीच्या खाली जाऊ नका असंच सांगेन. फाइल साठवणारा एसएसडी बहुधा बदलता येतो, त्याची एवढी चिंता नको.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवालं मॉडेल आवडलं असेल तर तुमची रोजची सॉफ्टवेअर आर्मवर, म्हणजे या प्रोसेसरच्या वेगळ्या रचनेवर, चालतात का, हे आधी पाहा. बॅटरी छान टिकते, पण एखादा जुना प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) अडला की काम थांबतं.

आणि शक्य असेल तर घेण्याआधी कीबोर्डवर दोन परिच्छेद टाइप करून बघाच.