आल्प्समधली अर्धवट ट्रिप : तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या मार्च २०२० च्या स्वित्झर्लंड ट्रिपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे ८ मार्चला झुरिचला उतरलो, २२ ला परत यायचं होतं पण करोनामुळे १७ लाच निघालो, एवढंच. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई, हॉटेलांचे पैसे भरून झाले होते, ते परत मिळणार नव्हते, मग पाच दिवस आधी का पळालात? तिथे किराणा, ट्रेन सगळं चालू होतं ना? आम्ही असतो तर थांबलो असतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आम्हीही थांबायचंच म्हणत होतो हो. खरं तर चूक निघायच्या आधीच झाली होती. तिथला पहिला पेशंट २५ फेब्रुवारीला तिचिनोत सापडला, म्हणजे इटलीला लागून असलेल्या भागात, आणि २८ ला हजारावर माणसांचे कार्यक्रम बंद केले, जिनिव्हाचा मोटर शो रद्द, बाझलचा कार्निव्हल रद्द. हे सगळं आम्ही ठाण्यात बसून वाचलं होतं आणि तरी गेलो, कारण तिकिटं काढलेली होती.

१३ मार्चच्या शुक्रवारी आम्ही इंटरलाकेनला होतो, त्या दिवशी सरकारने शाळा बंद केल्या, स्की रिसॉर्ट बंद केली, रेस्टॉरंटमध्ये ५० च माणसं. तरी आम्ही पुढच्या मुक्कामाचा, मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याच्या झरमाट गावाचाच विचार करत होतो. मग सोमवारी १६ ला एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. एक तिथली, की मध्यरात्रीपासून १९ एप्रिलपर्यंत किराणा आणि औषधांची दुकानं वगैरे सोडून बाकी दुकानं, रेस्टॉरंट, बार बंद. ती ऐकून नवरा म्हणाला, चालेल, खोलीवर खाऊ. दुसरी दिल्लीची, की १८ मार्चला ग्रीनिच वेळेनुसार दुपारी १२ नंतर युरोपियन युनियन, एफ्टा (युनियनबाहेरच्या काही युरोपीय देशांचा व्यापार गट) देश, तुर्कस्तान आणि ब्रिटनमधून भारतात येणाऱ्या प्रवाशांना विमानात घेऊच नका. स्वित्झर्लंड एफ्टात येतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, आणि भारतीय पासपोर्ट असला तरी सुटका नव्हती. म्हणजे हातात दीड दिवस.

तुमचा हिशोब हॉटेलच्या भरलेल्या पैशांचा आहे, माझा पुढच्या न भरलेल्या पैशांचा होता. आमची खोली रोज १८० फ्रँकची, तेव्हा फ्रँक साधारण ७७ रुपये, म्हणजे दिवसाला जवळजवळ १४ हजार नुसत्या झोपायचे. दोघांची नवीन तिकिटं १ लाख १० हजारांना पडली, तेव्हा फार टोचलं, पण ते खोलीचे आठ दिवस झाले फक्त. २२ मार्चपासून आपल्याकडे बाहेरून येणारी प्रवासी विमानं उतरणंच बंद झालं आणि परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमानं आली ७ मेला, तुम्हीच गुणाकार करा. परदेशात असताना आपण तिथलं काय उघडं काय बंद तेच बघत बसतो, आपल्या घराचं दार कधी लागतंय ते बघायचं राहून जातं, म्हणून एवढं लांबण लावलं.

१८ ला सकाळी मुंबईला उतरलो, डाव्या हाताच्या मागच्या बाजूला होम क्वारंटाइनचा शिक्का मारला आणि १४ दिवस घरात. शेजारच्या काकू दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवून जायच्या, ते मी विसरणार नाही.

प्रश्न : इतक्या महागड्या देशात सगळं बंद असताना खाल्लंत काय? आणि किती खर्च आला? (कोल्हापूरहून एक ताई)

उत्तर : सगळं बंद व्हायच्या आधीही आम्ही रेस्टॉरंटात दोनदाच जेवलो, साधं जेवण माणशी २५ फ्रँकच्या खाली मिळत नव्हतं. मिग्रो आणि कोप ही तिथली दोन मोठी सुपरमार्केट, त्यांच्यावर दिवस काढले. ब्रेड, चीज, दही, फळं, आणि संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात तेव्हा जायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात पण मोठ्या स्टेशनातली उघडी असतात हे लक्षात ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं छान असतं आणि गावागावात कारंजी आहेत, 'पिण्याचं नाही' अशी पाटी नसेल तर सरळ बाटली भरून घ्यायची. घरून भाजणी, मेतकूट, तांदूळ आणि छोटा कुकर नेला होता, खोलीला किचन होतं. शेवटच्या दिवसांत पास्ता आणि टॉयलेट पेपरची फळी रिकामी दिसली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दोघांचं खाणं रोज ३० फ्रँकमध्ये भागलं.

प्रश्न : तिकिटाचे आणि हॉटेलचे पैसे परत मिळाले का? इन्शुरन्स होता ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : इन्शुरन्स होता, शेंगेन व्हिसाला (स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) लागतोच, किमान ३० हजार युरोचा. पण ती अट आजारपणाची, ट्रिप अर्धवट सोडल्याचे पैसे त्यातून मिळतीलच असं नाही. आमच्या पॉलिसीत महामारी वगळलेली होती आणि ते मी घरी येऊन वाचलं. तुम्ही आधी वाचा.

विमानाचं ऐका, हे कामाचं आहे. जुन्या कंपनीचा फोन लागेना म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, पण जुनं आम्ही स्वतः कॅन्सल केलं नाही. पुढे २२ चं ते विमान कंपनीनेच रद्द केलं. आपण रद्द केलं तर तिकिटाच्या अटी लागतात, कंपनीने केलं तर पैसे मागायचा हक्क येतो, युरोपचा २६१ नंबरचा नियम स्वित्झर्लंडहून सुटणाऱ्या विमानांनाही लागू आहे. त्यांनी व्हाउचर देऊ केलं, मी दर वेळी त्या नियमाचा नंबर लिहून पैसेच मागितले, सात महिन्यांनी परतीच्या प्रवासाचे आले. हॉटेलांपैकी झरमाटच्या छोट्या पेन्शनने (तिथे घरगुती गेस्टहाउसला पेन्शन म्हणतात) न मागता निम्मे दिले, दुसऱ्या एकाने उत्तरच दिलं नाही.

आणि १५ दिवसांचा, ट्रेन-बसचा स्विस ट्रॅव्हल पास काढला होता, तो सलग दिवसांचा असतो, वापरला जेमतेम ९ दिवस. बेत डळमळीत असेल तर हाफ फेअर कार्ड घ्या (२०२० मध्ये ते १२० फ्रँकला होतं), महिनाभर बहुतेक तिकिटं निम्म्यात मिळतात आणि ज्या दिवशी फिराल त्याच दिवसाचे पैसे जातात.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. अडकलो आणि व्हिसा संपला तर पोलीस पकडतील का? (पुणे)

उत्तर : काका, घाबरू नका. हाताबाहेरच्या कारणाने निघता येत नसेल तर व्हिसा वाढवून द्यायची तरतूद शेंगेनच्या नियमातच आहे, त्याला फी नाही. फक्त व्हिसा संपायच्या आधी ज्या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात, आहात तिथल्या मायग्रेशन ऑफिसात अर्ज करायचा आणि विमान रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवायचा. औषधं मात्र ट्रिपपेक्षा महिनाभराची जास्त न्या, प्रिस्क्रिप्शनसकट, तुमच्या वयाला मी व्हिसापेक्षा त्याची काळजी करेन.

बऱ्याच जणांनी झरमाट राहिलंच का असंही विचारलंय. एप्रिल २०२० मध्ये मॅटरहॉर्नवर रोज रात्री वेगवेगळ्या देशांचे झेंडे प्रकाशाने दाखवत होते, एके रात्री आपला तिरंगा झळकला, तो फोटो मी ठाण्याच्या बाल्कनीत बसून पाहिला आणि रडू आवरेना. मे २०२२ मध्ये तिथल्या करोनाच्या प्रवेशाच्या अटी उठल्या आणि सप्टेंबरमध्ये आम्ही गेलो, त्याच पेन्शनमध्ये उतरलो. मालकीणबाईंनी वहीत आमचं जुनं बुकिंग काढून दाखवलं, मार्चच्या तारखांवर पेन्सिलची रेघ मारलेली होती आणि पुढे जर्मनमध्ये लिहिलं होतं, नंतर येतील.