अग्निमुंग्या कडाक्याच्या थंडीत कशा तगतात?
शरीर गोठले की लाल अग्निमुंगी जगत नाही. थंडी चुकवणे हाच तिचा बचाव आहे. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामाच्या मोबील बंदरात पोहोचलेली ही मुंगी, गारठा वाढताच राणी आणि पिल्लांसह वारुळाच्या खोल थरांत उतरते आणि ऊन पडले की अळ्या व कोष तोंडात धरून वारुळाच्या उन्हाकडच्या उबदार बाजूला आणते. एखाद्या रात्रीच्या हिमाने वसाहत सहसा संपत नाही. मात्र माती आठवडेच्या आठवडे थंड राहिली, तर शरीर गोठण्याआधीच कामकरी मुंग्या मरतात. म्हणूनच केवळ किमान तापमानावरून त्यांच्या प्रसाराची सीमा आखणे मला अपुरे वाटते; थंडी किती दिवस टिकते, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवे.