आत्याची सही आणि आजोळची वाटणी

प्रिय सई,

तुझ्या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नसतं, म्हणून हे पत्र. तू विचारलंस: साताऱ्याच्या जमिनीत आत्याचा हिस्सा आहे, हे तिला ठाऊक आहे, तरी ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली आणि तिनं काकाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. कुणी जबरदस्ती केली नाही, पण कुणी थांबवलंही नाही. आणि फोंड्याला, माझ्या माहेरी, आजोबा गेल्यावर मामाला आणि मला सारखं मिळालं, त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. दोन्ही घरं मराठी बोलणारी, दोन्हीकडे गणपती बसतो, मग रीती वेगळ्या का?

माझं उत्तर असं की ही दोन घरं दोन वेगळ्या कायद्यांच्या परंपरांत वाढली. माणूस गेल्यावर त्याच्या जमिनीवर शब्द कुणाचा चालतो, हा प्रश्न जगात सगळ्यांना पडला आणि प्रत्येकानं त्याचं उत्तर निराळं दिलं.

इंग्लंडचं उत्तर मालकाच्या बाजूचं आहे. ज्याचं आहे त्यानं मृत्युपत्रात हवं त्याला द्यावं. मुलांना काहीच ठेवलं नाही तर ती फार तर कोर्टात जाऊन पोटापाण्यापुरतं मागू शकतात. आणि मृत्युपत्र न करता कुणी गेला, तर १९२५ च्या सुधारणेपर्यंत तिथे जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. भाऊ असेल तर मुलीच्या वाट्याला जमीन नाही. ज्या देशाच्या न्यायाधीशांनी आपल्याकडच्या वारसाहक्काचे निवाडे शंभर वर्षं केले, त्या देशातली ही स्थिती होती, एवढं लक्षात ठेव.

रोमन कायद्यातून आलेली परंपरा उलट बाजूनं विचार करते. तिथे बापाचा हात बांधलेला असतो. सम्राट जस्टिनियननं सहाव्या शतकात रोमन कायदा एकत्र करवून घेतला, पुढे बोलोन्याच्या विद्यापीठात तो शिकवला जाऊ लागला आणि तिथून युरोपभर गेला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनं थोरल्याचा विशेष हक्क मोडला, आणि १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेनं सगळी मुलं सारखी, मुलगी असो वा मुलगा, हे कायम केलं. त्याच वळणाची संहिता पोर्तुगालनं १८६७ मध्ये केली आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. म्हणजे इंग्लंडमधल्या मुलीच्या पन्नासहून जास्त वर्षं आधी फोंड्यातल्या मुलीचं नाव भावाच्या बरोबरीनं वारसांत आलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या कायद्यानं जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. पोर्तुगालनं स्वतः ती संहिता १९६० च्या दशकात बदलून टाकली. गोव्यात मात्र तिचा कौटुंबिक भाग टिकला. वारशाचा भाग गोव्याच्या विधानसभेनं २०१२ च्या कायद्यात नव्यानं लिहिला, पण त्याचा गाभा तोच आहे.

तुझ्या आजीचं उदाहरण घे. लग्नाआधी नवराबायकोनं वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात दोघांची मालमत्ता एकत्र धरतात आणि अर्धी बायकोची असते. आजोबा गेले तेव्हा अर्धं आजीचं आधीपासूनच होतं, ते कुणी तिला ‘दिलं’ नाही. उरलेल्या अर्ध्याची मामा आणि मी अशी वाटणी झाली. आजोबांनी मृत्युपत्र केलं असतं तरी त्यांच्या वाट्यातला अर्धाच भाग त्यांना मनासारखा देता आला असता; बाकीचा मुलांसाठी राखीव. आणि मामाला आज शेत विकायचं झालं तर मामीच्या सहीशिवाय ते होणार नाही. वाटणीच्या त्या कामाला आमच्याकडे ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. वारसांचं जमलं नाही तर ते आपसात बोली लावून एखादी वस्तू घेऊ शकतात आणि इतरांना पैसे देतात. घर न तोडता वाटणी होते.

याचा अर्थ गोव्याचा कायदा निर्मळ आहे असा घेऊ नकोस. तिथल्या हिंदूंच्या रूढींची १८८० ची संहिता पाहिलीस तर बायकोला ठरावीक वयापर्यंत मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा लिहिलेली सापडेल. तसं आता कुणी करत नाही, पण ते कागदावर राहिलं याचा मला राग येतो.

इस्लामी कायदा तिसऱ्याच वाटेनं जातो. तिथे वारसांचे हिस्से कुराणातच ठरलेले आहेत. मुलीला मुलाच्या निम्मं, पण ते तिला मिळायलाच हवं, आणि मृत्युपत्रानं एक तृतीयांशाहून जास्त कुणाला देता येत नाही. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान तर शाफी पंथाचे आहेत, भारतातले बहुतेक मुसलमान हनफी. म्हणजे एका परंपरेच्या आतही फांद्या आहेत.

आता साताऱ्याकडे ये. तिथली जुनी बैठक मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या टीकाग्रंथाची. ती विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, इ. स. ११०० च्या सुमारास लिहिली. मिताक्षरेचं म्हणणं असं की वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. बंगालात चालणारा दायभाग हा ग्रंथ म्हणतो, बाप गेल्यावर. मिताक्षरेतली कल्पना मला फार मोलाची वाटते: जमीन कुणा एकाची नाही, पिढ्यांची आहे, बाप फक्त मधला माणूस. दुखणं एवढंच की त्या पिढ्यांत मुली धरल्या नव्हत्या.

पण मुंबई इलाख्यात थोडं निराळं होतं, आणि हे तुला शाळेत कुणी सांगणार नाही. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी व्यवहारमयूख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यांचं घराणं मूळ पैठणचं. जवळचे वारस नसतील तेव्हा बहिणीला वारस मानण्यासाठी त्यांनी कारण दिलं की ती भावाच्याच गोत्रात जन्मली आहे. बहीण परकी नाही, हे आपल्याच पंडितानं लिहून ठेवलंय! मुंबईच्या उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. शिवाय बापाकडून वारशानं मिळालेल्या मालमत्तेची मुलगी इथे पूर्ण मालक होई. बंगाल आणि मद्रासकडे ती फक्त हयातीपुरती असे. धर्मशास्त्राचे अभ्यासक महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईत वकिली करत, त्यांनी मयूखाची आवृत्ती काढली ती याच कामासाठी उपयोगी पडली.

इंग्रजांनी यात स्वतःची पद्धत मिसळली. १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात झालेल्या नियमांनी देशातली रूढी कोर्टात मानायला सांगितली, १८६४ पर्यंत कोर्टात शास्त्री बसत आणि इंग्रज न्यायाधीश त्यांना विचारत. १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं, म्हटलं की रूढी नीट सिद्ध झाली तर ती ग्रंथापेक्षा वरचढ. पण इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे एकदा दिलेला निवाडा पुढच्याला बांधतो, त्यामुळे गावागावांत बदलत राहणारी रूढी जिथल्या तिथे गोठली.

पुढचं तुला माहीत आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये संसदेनं सगळ्यांना, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. नऊशे वर्षं मुलांना होतं ते आता आत्यालाही आहे.

मग तिनं सही का केली? कारण कायदा मुंबई-दिल्लीत बदलला, पण तिचं माहेर गावात आहे. साताऱ्याच्या आजीला दवाखान्यात काका नेतो. भाऊबीजेला आत्या तिथे जाते. हिस्सा घेतला तर तो दरवाजा बंद होईल ही भीती खरी आहे, तिला भित्री म्हणू नकोस. ‘तुझ्या लग्नात खर्च केला’ हे आत्याला दिलं जाणारं कारण मात्र मी मान्य करत नाही. तुझ्या काकाच्या लग्नातही मांडव घातला होता. गोव्यात असा प्रश्न उठत नाही कारण दीडशे वर्षं वाटणी तशीच होत आली, घेणाऱ्या बहिणीला कुणी लोभी म्हणत नाही. आधी कायदा आला, मागून रीत झाली. साताऱ्यात कायद्याला अजून वीस वर्षंच झालीत.

इथे जर्मनीतही मुलं हक्क सोडतात. बाप जिवंत असताना सोडायचा तर नोटरीपुढे करार करावा लागतो, आणि नोटरीनं सगळा कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. आत्याला तिचा कागद कुणी वाचून दाखवला? बाबांना मी हेच विचारलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले की पुढच्या खेपेला काकाशी बोलतो: जमीन त्याच्याकडेच राहू दे, पण तिच्या हिश्श्याचे पैसे हप्त्यानं दे.

तू शेवटी विचारलंस की तुझं काय. बाबांच्या साताऱ्याच्या हिश्श्यात तुझा हक्क जन्मतः आहे. पासपोर्ट जर्मन असला तरी वारशानं शेतजमीन येऊ शकते, विकत मात्र घेता येत नाही. तुझ्यापुढे कधी असा कागद आला तर मला फोन कर, आणि तो आधी आत्याबरोबर बसून वाच. नाताळात ती फोंड्याला येणार आहे, तूही ये.

तुझी,
आई