गोव्यात घरामागच्या ओलसर सावलीत ऑस्ट्रिच फर्न लावता येईल का?

लावता येईल, पण तो टिकणार नाही. तुम्ही लिहिलंय की परसात विहिरीच्या बाजूला फणसाची दाट सावली आहे, जमीन कायम ओली असते आणि परदेशी बागेच्या व्हिडिओत पाहिलेला तो उंच नेचा तिथे हवाय. शिवाय त्याचे कोवळे कोंब खातात असंही ऐकलंय. ओल आणि सावली तुमच्याकडे आहेच. त्याला लागणारी कडाक्याची थंडी मात्र गोव्यात मिळत नाही.

ऑस्ट्रिच फर्न कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग, उत्तर युरोप, रशिया, जपान अशा मुलखातला. हिवाळा आला की त्याची हिरवी पानं वाळून पडतात. मधोमध बीजाणूंची तपकिरी, ताठ पानं तेवढी उभी राहतात आणि खालचा गड्डा बर्फात झोपून जातो. ही झोप मिळाली नाही की झाड खुरटत जातं. पणजीत जानेवारीतही किमान तापमान सरासरी 20 अंशांच्या आसपास असतं. वाळपईकडे पहाटे जरा जास्त गारवा असतो, पण तेवढ्याने भागत नाही. गड्डा फ्रिजमध्ये ठेवून पाहा, असा सल्लाही कोणी देईल. गड्डा ठेवाल हो, मे महिन्यातली रात्र कुठे ठेवणार?

आणि ऑनलाइन 'ऑस्ट्रिच फर्न सीड्स'ची पाकिटं दिसली तर पैसे घालवू नका. नेच्याला बी येतच नाही, बीजाणू येतात. त्यातही याचे बीजाणू हिरवे, फार काळ न टिकणारे. पाकिटात काय भरलंय ते विकणारालाच ठाऊक.

आता 'कायम ओली' या शब्दांबद्दल. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आपली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. ऑगस्टमध्ये चिखल झालेल्या जागेत मार्चला पहार वाजते. म्हणून नेच्याची जागा ठरवायची ती एप्रिलमध्ये माती चाचपून. ऑगस्टमध्ये काय, कुंपणाच्या गडग्यावरही हंसराज नावाचा नाजूक नेचा उगवतो आणि पाऊस सरला की सुकून जातो. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेचे का रमतात ते पाहा: वर पोफळींची सावली, खाली पाटाचं पाणी आणि पायाखाली कुजलेल्या झावळ्यांचा थर. हे तिन्ही परसात थोडंफार जमवता येतं. चिरा लागेपर्यंत खड्डा घ्या, निघालेल्या मातीत निम्मा पालापाचोळ्याचा खत आणि जुनं शेणखत मिसळा, वर नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) उपडी अंथरा. न्हाणीचं पाणी मात्र तिकडे वळवू नका, साबण-डिटर्जंट नेच्यांना मानवत नाही.

तुम्हाला बहुधा तो शटलकॉकसारखा आकार आवडलाय. तो आकार देणारा आणि गोव्यात सुखाने वाढणारा म्हणजे बर्ड्स नेस्ट फर्न. कुठल्याही बऱ्या नर्सरीत मिळतो. मुळात तो झाडांवर वाढणारा, त्यामुळे चिखलात पुरलात तर कुजेल. सोडणांच्या ढिगात किंवा फणसाच्या बेचक्यात बसवा. जमीन भरून टाकायला नेफ्रोलेपिस, म्हणजे आपला नेहमीचा कुंडीतला नेचा. ऑस्ट्रिच फर्नप्रमाणेच हाही धावऱ्या सोडून पसरतो, इतका की पुढे उपटायची वेळ येते. फणसाच्या खोडावर बाशिंग हा नेचा आपसूक आलेला असेल तर राहू द्या. त्याची ती तपकिरी पानं मेलेली म्हणून लोक ओरबाडतात, पण त्यातच पाचोळा साठून झाडाचं अन्न तयार होतं. तसंच पानांमागे तपकिरी ठिपके किंवा रेघा ओळीने दिसल्या तर कीड समजून औषध मारू नका, ते बीजाणू आहेत. मोले, म्हादई अशा अभयारण्यांतून रोपं उपटून आणणं हा गुन्हा आहे, तो मार्ग धरू नका.

कोंबांचं म्हणाल तर कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ते वसंतातली आवडती भाजी आहेत. पण 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात ते कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाणाऱ्यांना विषबाधा झाली. तेव्हापासून 15 मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, असं तिथे सांगतात. हे त्या एका नेच्याचं झालं. परसात उगवलेला कुठलाही गुंडाळलेला कोंब खाण्याजोगा समजू नका. ब्रॅकन नावाच्या नेच्यात तर कर्करोग करणारं द्रव्य असतं. पावसाळी भाजीची हौस टायकिळा (टाकळा) आणि तेऱ्यावर (रानअळू) भागवा.

घर किनाऱ्याकडे आहे की आत फोंडा-सत्तरीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नदीकाठच्या किंवा खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होत असेल, तर वर सांगितलेल्या नेच्यांची टोकं करपतील. तसं असेल तर पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून ठेवा आणि उन्हाळ्यात आधी ते वापरा. विहिरीलगतची जमीनच खारी असेल, तर तिथे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीच्या, कडेला वाढणारा अ‍ॅक्रोस्टिकम हा एकच नेचा टिकेल. तो माणसाहून उंच होतो, जागा सोडून लावा.